गुळाच्या डब्याला कुलूप

माझ्या सासूबाई नेम मोडून चोरून गूळ खातात, असा निकाल मी एकदा दिला होता. साक्षीदार एक काचेची नळी, न्यायाधीश मी. सत्तरच्या दशकात अनसिंगसारख्या गावात मॅट्रिक झालेली सून म्हणजे बडं प्रस्थ, निदान माझ्या मते.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना मधुमेह होता. वाशीमच्या डॉक्टरांनी मला घरीच लघवी तपासायला शिकवलं होतं. नळीत निळं औषध घ्यायचं, आठ थेंब मोजून टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटकरी झालं तर खूप. दिवा पेटवताना मी असा काही चेहरा करायची, की डॉक्टरांनीही मला नमस्कार करावा.

आत्याबाईंनी मंदिरात जन्मभरासाठी गोड सोडलं होतं. आमच्या जैन घरात घेतलेला नेम मोडणं म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही.

त्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. पाय सुजले, चार पावलांत धाप लागू लागली. डॉक्टरांनी अंगातलं पाणी लघवीवाटे उतरवणारी गोळी दिली. सूज उतरली. दोन-तीन आठवड्यांनी नळी मात्र विटकरी झाली.

"आत्याबाई, गूळ खाल्ला का?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

"मले नेम हाय, पोरी."

"नळी खोटं बोलत नाही."

"मंग मी बोलून राह्यली काय?"

मी उठून गुळाच्या डब्याला कुलूप लावलं. तरी नळी विटकरीच. मी त्यांची भाकर अर्धी केली. उरलेली अर्धी त्यांनीच बाजूला सारली. तरी विटकरीच. बाई वाळत चालल्या. मंदिरात जाणंही त्यांनी सोडलं, कारण तिथे बायका कुजबुजायच्या. ती कुजबुज माझ्याच तोंडून गेली होती.

मग गोळ्या संपल्या. वाशीमच्या दुकानातही आठवडाभर आल्या नाहीत. आठव्या दिवशी नळी हिरवी झाली. मी दिव्यासमोर बसून राहिले. गूळ नव्हताच, त्या गोळीनं साखर चढत होती.

अशा वेळी कुणीही डॉक्टरांकडे गेलं असतं, आत्याबाईंचे पाय धरले असते. मला आधी निळी नळी दाखवून 'कुलपानं गूळ सुटला' म्हणायचं होतं, म्हणजे माफी मागायची वेळच येऊ नये. नव्या गोळ्या आल्या त्या मी तुरीच्या डाळीत पुरल्या. "डॉक्टरांनी बंद केली," म्हणून सांगून टाकलं.

नळी निळी झाली. पाचव्या दिवशी दुपारी आत्याबाईंना आडवं होता येईना. त्यांचे ओठही निळसर दिसू लागले.

एसटीत मी त्यांना छातीशी धरून बसवलं होतं. प्रत्येक श्वास विहिरीतून ओढून काढल्यासारखा यायचा. आमचे हे ड्रायव्हरपाशी उभे राहून हात जोडत होते. मी गोळ्यांचं कुणालाच सांगितलं नव्हतं. गाडी थांबली की मला वाटे, आत्याबाई आता इथेच जाणार, आणि माझी चोरी त्यांच्याबरोबर जाणार. असंही मनात आलं, हे आज लिहिताना लाज वाटते.

वाशीमच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. सूर्यास्तानंतर काही न खाण्याचा आमचा नियम, त्यांनी गोळी तोंडात घेतली नसती. इंजेक्शनची सुई मात्र चालली. मी डॉक्टरांसमोर सगळं ओकले.

ते म्हणाले, "त्या गोळीनं साखर चढते हे मला ठाऊक आहे, बाई. मला सांगितलं असतं तर मी साखरेचं औषध वाढवलं असतं. छातीत पाणी भरल्यावर काय वाढवू?"

सकाळी आत्याबाईंची धाप कमी झाली. मी त्यांचे पाय धरले. सुजलेल्या कातडीवर माझ्या बोटांचे खळगे उमटले. गूळ, गोळी, डाळीचा डबा, सगळं सांगितलं. आत्याबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

"साखरीचं डाक्टर पाह्यतीन. तू घरी जाऊन डब्याचं कुलूप काढ, अन् मंदिरात जितक्या बायायले माहा गूळ सांगितला, तितक्यायले आता तुई गोळी सांग."