मी मिलचा ब्याक होतो

मध्यंतराला संत्र्याच्या फोडींची ताटली घेऊन संघाचे सेक्रेटरी एकेकाच्या हातावर फोडी ठेवत गेले. दहा जणांच्या. माझ्यापाशी आले तेव्हा थांबले, दोन पावलं मागं सरले आणि एक संत्रं माझ्या पायापाशी गवतात फेकलं.

"घे. तुला अख्खं."

दोरीपलीकडचे लोक हसले. मी वाकलो. उचललं, सोललं, खाल्लं. घसा कोरडा पडला होता. हे मी लपवणार नाही.

नागपुरातल्या एका कापडमिलच्या फुटबॉल संघात मी ब्याक होतो. गोलापुढं उभं राहून हल्ला अडवणारा. हजेरीपटात नाव सूतकताईत, पण नोकरी पायांची. सकाळी अर्धी पाळी खात्यात, दुपारनंतर मैदानात. अनवाणी. अशी सात वर्षं. मी महार. संघाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

चेंडू चालू असेतो विटाळ नव्हता. खांद्यावर खांदा आदळायचा, घामाला घाम लागायचा. मी गोल वाचवला की कप्तान गळ्यात पडायचा. शिट्टी वाजली की तोच कप्तान तंबूत खुर्चीवर. मी बाहेर उन्हात. वाटायचं, अजून चांगला खेळलो तर आत बोलावतील. म्हणून आणखी जीव तोडून खेळायचो. सात वर्षं हाच मूर्खपणा केला.

मग कामठीच्या छावणीतल्या गोऱ्या पलटणीशी सामना झाला. त्यांच्या पायात बूट. एक ठोकर माझ्या उजव्या गुडघ्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कप्तान धावत आला, वाकला, हात पुढं केला. आणि हात तसाच राहिला. खेळ थांबला होता ना.

"याच्या वस्तीतलं कोणी आहे का?" तो दोरीकडं बघून ओरडला.

माझा साळा किसन आणि आमच्या वस्तीतला एक गाडीवान आत आले. त्यांनी मला उचलून नेलं.

गुडघा पुन्हा वाकला नाही. मिलनं हातात झाडू दिला. फाटकापासून गोदामापर्यंत. वर्षभर झाडलं. मग एक दिवस सेक्रेटरी स्वतः माझ्यापाशी आले.

"तुझा साळा डाव्या पायानं फार छान मारतो म्हणे. त्याला संघात आण. तुला गोदामात बसायचं काम देतो."

बसायचं काम. झाडताना गुडघ्यातून कळ डोक्यापर्यंत जायची. तोंडावर हो आलंच होतं.

"तो तंबूत बसन का, साहेब?" मी विचारलं.

ते हसले. "अरे, तुम्हाला खेळायला घेतो, हे काय कमी आहे?"

सात वर्षांत हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

"कमी आहे, साहेब," मी म्हणालो. "मी त्याले आणत नाही."

"मग उद्यापासून तूही येऊ नकोस."

झाडू भिंतीला टेकवला. लंगडत घरी आलो.

किसन जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचा. वीस वर्षांचा. ऐकून पेटलाच.

"पाय माहे आहेत, भाऊजी. तुमी काहून ठरवता?"

खरं होतं ते. बायको चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मंग सांगा ना त्याले काय झालं ते. मले बी कधी सांगतलं नाही तुमी."

सांगितलं. तंबू सांगितला. कप्तानाचा तो हात सांगितला. बायकोनं तोंडाला पदर लावला. किसन उठून बाहेर गेला.

सकाळी तो एकटाच मिलवर गेला. दुपारी परत आला.

"काय म्हणाले?"

"तंबूचं इचारलं. बाहेर बसजो म्हणे."

"मंग?"

"मंग आलो वापस."

आता वस्तीमागच्या माळावर मी काठी टेकून उभा असतो. किसन धरून अकरा जण जमलेत. विणकर, हमाल, गाडीवान. बूटवाल्याच्या ठोकरीतून पाय कसा काढायचा, ते आधी शिकवतो. सीताबर्डीकडचे दोन संघ सामना मागायला आले होते. मी म्हणालो, खेळू. खेळ संपल्यावर सगळे एका सतरंजीवर बसू. दोन्ही संघ परत गेले.

गाडीवान चिडला. "असं केलं तं आपल्यासंगं कोणीच खेळनार नाही, गा!"

"नको खेळू दे," मी म्हणालो.

राग मलाही येतो. पोरांचे पाय तयार आहेत आणि समोर कोणी नाही. पण मी जिवंत आहे तोवर या माळावरून नुसता पाय कोणाला मिळणार नाही. न्यायचा तर पुरा माणूस न्यावा लागेल.