ऐकून म्हटलेलं व्हय

आमच्या घरात सकाळी तत्त्वज्ञान चालायचं आणि दुपारपर्यंत कुणाचं ना कुणाचं डोकं फुटलेलं असायचं. खोटं सांगत नाही. मी सावंतवाडीची, मास्तरांची मुलगी. लग्न होऊन वेंगुर्ल्याच्या खाली, शिरोड्याच्या वाटेवरच्या त्या गावात आले तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांच्या हातात होता. नवरा मुंबईला गोदीत नोकरीला. घरात मी, सासरे, धाकटा दीर, जाऊ आणि आमची पोरंबाळं. सासऱ्यांची नजर अधू झाली होती आणि मला वाचता येत होतं. म्हणून रोज सकाळी पेज झाली की मी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून त्यांना वेदान्ताची जाडजूड पोथी वाचून दाखवायची आणि त्यांनी तिचा अर्थ सांगायचा.

अर्थ सुंदर सांगायचे, ते कबूल. एकदा मी विचारलं, "बाबानू, विवेक म्हणजे नेमका काय ओ?" तोंडातलं पान गालात सारून म्हणाले, "गो, शब्द तोंडातसून भायर पडाच्या आधी तेका उंबऱ्यार अडवचो. इचारूचा, कोण रे तू? खंय चललंस? हात उचलाच्या आधी हाताक पण ह्याच इचारूचा. ह्यो विवेक. बाकी सगळो भाताचो तूस." मला इतकं पटलं की मी ते दिवसभर मनात घोळवत राहिले.

मी घोळवत राहिले, पण सांगणाऱ्याच्या मनात ते पेज पचेपर्यंतही टिकलं नाही. दिराने पाडा, म्हणजे गोऱ्हा, मोकळा ठेवला आणि त्या पाड्याने मिरचीची रोपं तुडवली. सासऱ्यांनी कोपऱ्यातली चिवाराची, म्हणजे बारीक बांबूची, काठी उचलली आणि दोन पोरांचा बाप असलेल्या त्या मुलाला पाडा मारावा तसं मारलं. काठी उभी चिरली तरी थांबले नाहीत. पाठीतून रक्त आलं. संध्याकाळी मी हळद लावत होते, तर दीर दात खात म्हणाला, "वयनी, आजच्या पोथयेत काय होता गो?" लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

मी तरी कुठली गरीब गाय! एकदा जाऊ माझ्या माहेराबद्दल काहीबाही बोलली. मी आदोळीवर, म्हणजे विळीवर, मासे कापत होते. ती तशीच्या तशी, खवल्यांसकट उचलली आणि तिच्यामागे विहिरीपर्यंत धावले. ती किंचाळत आंब्याच्या झाडाभोवती फिरली म्हणून वाचली. मग मीच हसायला लागले, आणि तीही. पण रात्री पोथी कपाटात ठेवताना मला स्वतःचीच भीती वाटली. जळ्ळं मेलं ते वाचन, जर ते डोळ्यांतून हातापर्यंत कधी पोचतच नसेल! मला एवढंच बघायचं होतं, एकदा तरी, की पुस्तकातलं शहाणपण माणसाच्या हाताला अडवतं. माझ्या नाही तर त्या म्हाताऱ्याच्या तरी.

शेजारचं घर सासऱ्यांच्या मेलेल्या भावाचं. तिथे त्याचा मुलगा, म्हणजे सासऱ्यांचा पुतण्या, आणि त्याची बायको राहायची. विहीर दोन्ही घरांची एकच होती. ती बायको माझी जिवाभावाची मैत्रीण. तिची मुलं जन्मून राहिली नव्हती, आणि आता पुन्हा दिवस गेले होते. कळशी मी तिला उचलू द्यायची नाही. "माझी आई होव नको गो," म्हणायची, पण कळशी सोडायची.

पावसाळा सरला आणि दोन्ही बागांच्या मेरेवरचा, म्हणजे हद्दीवरचा, धोंडा नाहीसा झाला. आजे-पणज्यांनी पुरलेला तो काळा धोंडा समुद्राच्या बाजूच्या कोपऱ्यात होता, आणि त्याच्यावरून माडांची एक रांग कुणाची ते ठरायचं. सासरे म्हणाले पुतण्याने उपटला. पुतण्या म्हणाला काकांनी उपटला. झालं, वणवा पेटला! आमची गवताची गंज जळली. त्यांचा कुत्रा डोकं ठेचलेला सापडला. माडावर चढलेल्या आमच्या गड्याला खालून दगड मारले, तो पडून त्याचा हात मोडला. दिराने मग पुतण्याच्या मेव्हण्याला बाजाराच्या वाटेवर गाठून त्याचे दात पाडले. दोन्ही घरांतले पुरुष कोयता उशाशी घेऊन झोपायला लागले. आणि रोज सकाळी माझी पोथी चालूच. क्रोधाने बुद्धी कशी नासते, त्याचं पान आलं तेव्हा सासरे मान डोलवत म्हणाले, "शंभर टक्के खरा." मला ती पोथी त्यांच्या टाळक्यात घालावीशी वाटली.

त्या सुमाराला देवळातलं वर्षाचं गाऱ्हाणं आलं. आमच्याकडे गावच्या वतीने मानकरी देवासमोर उभा राहून मोठ्याने मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव एका तोंडाने "व्हय म्हाराजा!" म्हणतो. गावाने व्हय म्हटलं की ते देवाला पोचलं. मानकरी आमचे सासरेच. आणि गावात सगळ्यांत मोठा व्हय माझ्या दिराचा. तो ओरडला की देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडायची. लोक थट्टा करायचे, "देव भयरो नाय रे, हळू बोल!"

सकाळची वेळ होती. पुरुष देवळापुढच्या चौकात, आम्ही बायका बाजूच्या पडवीत. बायकांनी व्हय म्हणायची रीत नाही, आम्ही नुसते हात जोडायचे. दीर दीपमाळेपाशी कोयत्याने नारळ सोलत होता. पुतण्या नवा शर्ट घालून अगदी पुढे उभा होता. त्याची बायको माझ्याशेजारी, पोटावर हात ठेवून.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा तुझ्या दारात उभी आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"जी काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

असं चाललं. त्या लयीत माणूस पेंगतो. कोण ऐकतंय? काय मागितलं याच्याशी कुणाला कर्तव्य नाही, आवाज थांबला की व्हय म्हणायचं. सासऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांचा आवाज चढला नाही की उतरला नाही. त्याच लयीत ते म्हणाले, "आणि आमच्या मेरेचो धोंडो जेणा कोणी उपटल्यान आसात, तेचा घर बंद कर! तेच्या दारात पाळणो हलूक देव नको!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा गाव म्हणाला. पुतण्याही म्हणाला, सगळ्यांच्या बरोबर, हात जोडून.

घर बंद कर, म्हणजे चूल विझो, वंश बुडो, दाराला आतून कडी घालायला कुणी न उरो. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की कबुतरं उडाली नाहीत. मी दीपमाळेकडे पाहिलं. दिराचं तोंड बंद होतं. नारळ एका हातात, कोयता दुसऱ्या हातात, आणि चेहरा राखेसारखा.

सासरे पुतण्याकडे वळले आणि हसले. ते हसू मी विसरणार नाही. "ऐकलंस मरे? तुझ्याच तोंडान व्हय म्हटलंस. आता भोग!"

पुतण्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याने पडवीकडे, बायकोकडे पाहिलं. "काकानू," तो म्हणाला, "तुमी माझ्या बायलेच्या पोटार गाऱ्हाणा घातलात?" आणि त्याने म्हाताऱ्याचा गळा धरला. दोघेही फरशीवर कोसळले. सासऱ्यांचं डोकं दगडावर आपटल्याचा आवाज पडवीपर्यंत आला. पुतण्या त्यांच्या छातीवर बसून गळा आवळत होता, म्हाताऱ्याचे पाय झडत होते.

दीर धावला. त्याने कोयता मानेच्या रोखाने मारला, पण पुतण्याने डोकं फिरवलं आणि वार कानावर बसला. कान मुळापासून सुटून खांद्यावर लोंबला. नव्या शर्टाची बाही लाल झाली. मग काय विचारता! कुणी काठी घेतली, कुणी समई उचलली. ज्यांचं काही देणं-घेणं नाही तेही एकमेकांना बडवायला लागले. कुणाची म्हस आणि कुणाक उठबस! देवासमोरचे नारळ लोक एकमेकांच्या अंगावर फेकत होते. माझी मैत्रीण किंचाळत चौकात शिरली आणि नवऱ्यावर आडवी पडली, पोटासकट. दिराने कोयता पुन्हा उगारला होता. त्याला ती दिसत नव्हती. त्याला काहीच दिसत नव्हतं.

दिराच्या बंद तोंडावरून मला सत्य कळलं होतं, आणि ते बोलले तर काय होणार तेही. शाप धोंडा उपटणाऱ्याच्या घराला होता. ते घर माझं होतं. त्यात माझी लेकरं होती, जावेची लेकरं होती. गप्प राहिले असते तर गावाच्या लेखी शाप शेजारीच राहिला असता. पण तो कोयता खाली यायला लागला.

"भावजी!" मी अशी ओरडले की माझाच घसा फाटला. "तुमी व्हय कित्याक म्हटलास नाय?"

कोयता वरच राहिला. ज्यांनी ज्यांनी ऐकलं ते थांबले, आणि त्यांच्यामुळे बाकीचे. दिराचा आवाज आला नव्हता हे आता साऱ्यांनाच आठवलं. त्याच्या हातातून कोयता गळून पडला.

"बावीत टाकलंय," तो म्हणाला. "धोंडो. माका गडगो सरळ बांधूचो होतो. तो वाकडो दिसा होतो." बाव म्हणजे आमची ती दोन्ही घरांची विहीर.

वाकडा दिसत होता! दगडांचं एक कुंपण वाकडं दिसत होतं म्हणून इतकं रक्त! मला हसू आलं की रडू ते मला आजही सांगता येणार नाही.

सासरे उठून बसले होते. मागच्या केसांतून रक्त ओघळत होतं. ते उठले, कुणाच्या तरी हातातली काठी हिसकावली आणि मुलाला मारायला लागले. तोंडावर, हातांवर, जिथे लागेल तिथे. दीर हलला नाही. लोक बघत राहिले, तो मरेपर्यंत बघत राहिले असते. मी मध्ये घुसले. एक काठी माझ्या खांद्यावर बसली, तो खांदा पावसाळ्यात अजून दुखतो. पण दुसरी मी हवेतच धरली.

"हाताक इचारा, बाबानू," मी म्हटलं. "कोण रे तू? खंय चललंस? इचारा तेका!"

वाटलं, आता मला मारणार. सुनेने भर देवळात सासऱ्याची काठी धरलेली त्या गावाने पाहिली नव्हती. त्यांचे डोळे तसेच तांबडे होते, काठीला दोन्हीकडून ओढ होती. मग त्यांच्या बाजूची ओढ सुटली. काठी माझ्याच हातात राहिली. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत उभे राहिले, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता.

घातलेलं गाऱ्हाणं पुसता येत नाही. त्याच्यावर दुसरं घालावं लागतं, आणि त्यालाही गावाने व्हय म्हणावं लागतं. सासरे देवाकडे वळले. या वेळी लय नव्हती. प्रत्येक शब्द उंबऱ्यावर थांबून येत होता.

"बा देवा म्हाराजा. धोंडो माझ्या झिलान उपटल्यान. मी पुतण्यार आळ घेतलंय, आणि तेच्या पोरार शाप घातलंय. तेच्या घरार कायएक येव नको." त्यांनी हात पुन्हा जोडले. "आणि माझ्या घराचो पाळणो... माझी नातवंडा... तेंका सांभाळ. जा काय करूचा आसा, ता माझा कर."

कुणी व्हय म्हटलं नाही. सगळा गाव पुतण्याकडे बघत होता. त्याचं रक्त सांडलं होतं, त्याच्या पोराला शाप मिळाला होता, आणि आता माझ्या लेकरांचं काय ते त्याच्या तोंडात होतं. तो बायकोच्या मांडीवर डोकं टेकून बसला होता. तिने पदराने त्याचा कान दाबून धरला होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे बघू शकले नाही.

मग तो म्हणाला, "काकानू, परत सांगा. मगाशी व्हय म्हटलंय तेव्हा मी ऐकलंयच नाय. आता एक कान रवलो आसा, तेच्यान ऐकतंय."

सासऱ्यांनी परत सांगितलं. पहिल्यापासून, एकेक शब्द, रडत. तो डोकं वाकडं करून, चांगला कान त्यांच्याकडे धरून, शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

त्याच्या मागून तिने म्हटलं, पदर तसाच दाबून धरत. बायकांनी म्हणायची रीत नाही. मीही म्हटलं.