मोर्चाला निघालेली कणीक

डोंबिवलीहून निघताना टेम्पोतील मानाची जागा कणकेच्या परातींना मिळाली. ओल्या पंचाखाली झाकलेल्या पराती मधोमध, त्यांच्याभोवती आमच्या गल्लीतील पोळीभाजी केंद्राच्या बायका, आणि कडेला शेगडीला टेकून अंग चोरून बसलेला मी. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत भूगोल शिकवला. आयात-निर्यातीचे बाण असंख्य वेळा फळ्यावर काढले. त्यांपैकी एखादा बाण कोणाच्या दारात जाऊन थांबतो, हे पाहायला मात्र प्रथमच निघालो होतो.

घोडबंदर रोडवरील एका परदेशी कंपनीच्या कचेरीत रोज दुपारी केंद्राच्या पोळ्या जात. नव्या मुक्त व्यापार करारामुळे बाहेरच्या देशांतील गोठवलेल्या पोळ्या विनाशुल्क येऊ लागल्या, आणि आमच्या या प्रवासाच्या दुसऱ्या दिवसापासून कंपनी त्याच घेणार होती. हे काम गेले असते, तर केंद्राला कुलूप लागले असते. म्हणून कराराविरुद्ध ठाण्यात निघणाऱ्या मोर्चात सामील व्हायचे आणि कंपनीच्या दारातच ताज्या पोळ्या लाटायच्या, असा केंद्रचालक सुमनताईंचा बेत होता.

"काका, तुम्ही नुसता फलक धरा," त्या म्हणाल्या. "घोषणांचं आम्ही बघतो."

मला हायसे वाटले. माझा आवाज वर्गाच्या चौथ्या बाकापलीकडे कधी पोहोचला नव्हता.

माणकोलीच्या पुलावर खाडीचे रुंद, करडे पाणी आणि काठची तिवरे (खाऱ्या पाण्यातील झाडी) दिसताच बायकांना जणू वारा प्यायल्यासारखे झाले. पलीकडे गोदामांची रांग सुरू झाली. प्रत्येक गोदामाला एक उखाणा, असा खेळ रंगला.

"तव्यावर पोळी फुगली टम्म, कंपनीचं नाव घेते, अडवायचा आहे का दम?"

हसता हसता एकीने परातीवरच थाप मारली, तेव्हा सुमनताई ओरडल्या, "अगं, तबला नाही तो!"

कशेळीचा पूल ओलांडल्यावर चालकाने कोलशेतमधून जवळची वाट धरली आणि उंच इमारतींच्या जंगलात आम्ही रीतसर हरवलो. झाडाखाली मासळी विकणाऱ्या एका वृद्ध बाईंना रस्ता विचारला.

"कला (कशाला) चाललाव गो एवढ्या बाया?"

सुमनताईंनी कारण सांगताच त्यांनी मांडीवर थाप मारली. "मंग बोंब मारा चांगली! माझी निवटी (खाडीतला मासा) टाकून लोकं बरफातली परदेशची मासली घेतान!"

रस्ता दाखवून त्यांनी आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी माझ्या हातावर ठेवली. तिखटाने माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. बायकांना वाटले, काका गहिवरले.

घोडबंदर रोडवर पोहोचलो आणि थांबलो. दूरवर मोर्चाचे झेंडे दिसत होते. मध्ये वाहनांचा अथांग सागर. ऊन चढले. सुमनताईंनी पंचा उचलला आणि त्यांचे हसू मावळले.

"कणीक सैल पडायला लागली. हिला आता थांबवत नाही."

मग रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत शेगडी पेटली, पोळपाट मांडले गेले, आणि पोळीचा खरपूस वास त्या कोंडीत पसरला. शेजारी अडकलेल्या बसमधून गळ्यात ओळखपत्र असलेली एक तरुणी उतरली.

"काकू, या आमच्या कॅन्टीनच्या पोळ्या ना? वासावरून ओळखल्या मी!"

"आजच्या शेवटच्या, बाळा. उद्यापासून तुमच्या पोळ्या बोटीने येतील, बर्फात बसून."

"काय? आम्हाला कोणी विचारलंच नाही!" तिने बसकडे वळून हाक दिली. "अरे, उतरा रे सगळे! ऑफिसला चालत जाऊ!"

कंपनीची अख्खी बस रिकामी झाली. प्रत्येकाच्या हातात पोळीची गुंडाळी, पुढे परात, मागे शेगडी. मी फलक उंच धरला. त्यावर मी दोन गौणवाक्ये असलेले एक निर्दोष वाक्य लिहिले होते.

"सर, हे वाचेपर्यंत ट्रॅफिक सुटेल," तरुणी म्हणाली. "घोषणा द्या ना कोणीतरी!"

पण सर्वांच्याच तोंडात घास होता. रिकामे तोंड एकट्या माझे. मी डोळे मिटले.

"आमची पोळी..."

घास गिळून सारा रस्ता उत्तरला, "राहिलीच पाहिजे!"

त्यानंतर मला कोणी आवरू शकले नाही.

कंपनीच्या रखवालदाराने एवढी ओळखपत्रे पाहून सवयीने फाटक उघडले. आम्ही थेट आत! एक अधिकारी धावत खाली आला.

"निर्णय वरचा आहे हो. तिकडे आता रात्र आहे, सगळे झोपलेत."

"मग इकडे जे जागे आहेत, त्यांना विचारा की," सुमनताई म्हणाल्या.

"नाही तर उद्या कॅन्टीनमध्ये एकटेच जेवा, साहेब," ती तरुणी म्हणाली, आणि मागे हशा उसळला.

अधिकाऱ्याने सर्वांकडे पाहिले, मग कोणीतरी हातात ठेवलेल्या पोळीकडे. "बरं, या महिन्यापुरतं चालू ठेवा. पुढचं मी वर बोलतो."

परतताना माणकोलीच्या पुलावर परातीचा तबला झालाच; या वेळी ठेका सुमनताईंनीच धरला. करार जिथल्या तिथे होता, महिना संपायचा होता, आणि 'वर' कोण काय बोलणार, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही मी बसल्या जागी डोलत होतो. भूगोल मी आजवर फार दुरून पाहिला होता.

"काका, आज वाटून टाकलं सगळं," सुमनताई म्हणाल्या. "उद्या पहाटे मळायला हात कमी पडतील. येताय?"

घसा पार बसला होता. मी बाह्या सरसावून दाखवल्या.