अर्ध्या दाढीचं भूत

विमावाल्यांनी दाढी अर्धी टाकून पळायला नको होतं. पण माणूस करणार काय? कानाला फोन होता आणि फोनमधून बायको सांगत होती, "नळ चालू ठेवून गेलात! न्हाणीघर भरलं, आता पाणी जिना उतरून खालच्यांकडे निघालंय!"

विमावाले खुर्चीतून उठले ते थेट रस्त्यावर. गळ्याला सलूनचं पांढरं कापड तसंच बांधलेलं, डावा गाल गुळगुळीत, उजव्या गालावर फेसाचा डोंगर. वेळ अगदी दिवेलागणीची.

दुसऱ्या एखाद्या गल्लीत लोक पोट धरून हसले असते. या गल्लीत पाववाल्यानं पावांची पाटी हातातून सोडली. शिंपी शिवणयंत्रावर चढून बसला. कोपऱ्यावरचे हवालदार, ज्यांच्या नुसत्या खोकल्यानं पोरं अभ्यासाला बसत, ते डोळे मिटून भिंतीला चिकटले आणि पुटपुटले, "बाबा रे, आपलं काही भांडण नाही हं." विमावाल्यांनी धावताधावता त्यांना सवयीनं नमस्कार केला. हवालदार तिथेच खाली बसले.

कारण अर्ध्या दाढीचं भूत या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

आजोबांच्या काळात या भागात एका माणसानं मफलरनं गळे आवळून बरेच खून केले होते. लोक त्याला मफलरवाला म्हणत. तो पकडला गेला, फासावर गेला. सरकारी कागदात हकिगत इथे संपते. सलूनवाल्या मावशीकडे ती इथून सुरू व्हायची. मावशी सांगायची की पोलिसांनी त्याला धरला तो याच सलूनमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीत, एक गाल झाला असताना. तसाच नेला, तसाच लटकवला. तेव्हापासून तो अर्ध्या दाढीनिशी दारोदार फिरतो आणि विचारतो, "दुसरी बाजू करता का?" आणि मेलेला किंवा जिवंत, एकही न्हावी त्याच्यासाठी वस्तरा उचलत नाही.

मावशीला ही गोष्ट सुचली ती पोटापाण्यासाठी. तिच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मुलीच्या हातात वस्तरा दिला. फुग्याला साबण फासायचा आणि फुगा न फोडता तो उतरवायचा, असं शिक्षण. फुगा फुटला की दुकानातले सगळे टॉवेल धुवायचे. ती तयार झाली आणि वडिलांचे हात थरथरायला लागले. पण गिऱ्हाईक दारातून डोकावायचं, बाई वस्तरा परजतेय असं बघायचं आणि त्याला एकदम घरचं तातडीचं काम आठवायचं. जे धीर करून बसत त्यांची नजर वस्तऱ्याबरोबर फिरे आणि नजरेबरोबर मान. अशा मानेची दाढी करायची म्हणजे पळत्या कोंबडीला अंघोळ घालण्यातला प्रकार.

एकदा अशाच एका चुळबुळ्या गिऱ्हाइकाला ती वैतागून म्हणाली, "त्या खिडकीजवळच्या खुर्चीत कोण बसलं होतं, माहितीये का?" गिऱ्हाईक दगडासारखं थिजलं. दाढी अशी उतरली की वडील कौतुकानं उठून बघायला आले. गोष्ट ऐकणारा माणूस मान हलवत नाही, हा शोध मावशीला त्या दिवशी लागला.

मग काय विचारता! भूत आरशासमोर स्वतःच दाढी करायला गेलं, पण आरशात दिसेचना. भूत मेंढ्या भादरणाऱ्याकडे गेलं, तर मेंढ्यांनी तक्रार केली. भुताला एक हडळ आवडली, तिनं सांगितलं, आधी तोंड सारखं करून ये. नुसत्या दाढीला एक प्रसंग, केस कापायचे असतील तर दोन. पुढे काय झालं ते ऐकायला लोक गाल कोरडा असतानाही यायला लागले. विमावाले त्यातलेच. त्यांना उभ्या आयुष्यात स्वतःची दाढी स्वतः करायची वेळ आली नव्हती.

एक पथ्य मात्र मावशीनं कधी मोडलं नाही. मफलरवाल्यानं ज्यांना मारलं, त्यांच्यावर ती चकार शब्द रचत नसे. कोणी छेडलंच तर म्हणायची, "त्यांची नातवंडं माझ्याकडे केस कापायला येतात. हसायचं ते मारणाऱ्याला. त्याला कितीही हसा, पुरून उरेल."

घोटाळा झाला तो मावशीच्या धाकट्या मुलीमुळे. धाकटी वस्तरा शिकून तयार झाली, उद्यापासून दुकानात उभी राहणार होती, आणि दुकानात खुर्च्या दोनच. एक मावशीची, दुसरी खिडकीजवळची, जिच्यात इतक्या वर्षांत मांजरसुद्धा बसलं नव्हतं. मावशीनं ठरवलं होतं की भुताला हळूहळू परदेशी धाडायचं. तेवढ्यात विमावाल्यांचा नळ वाहिला.

सकाळी गल्लीत दुसरा विषय नव्हता. मावशी उंबऱ्यात उभी राहून ओरडली, "अरे, खोटंय सगळं! मी रचलंय! ती खुर्ची बाबांनी त्याच्या फाशीनंतर विकत घेतलीये!"

"कशी घाबरलीये बघ बिचारी," शिंपी म्हणाला.

"त्यानंच दम दिला असणार, असं सांग म्हणून," पाववाला म्हणाला.

दूधवाला तर नाराजच झाला. "मावशी, आजची गोष्ट जरा कच्ची वाटली हो."

आत धाकटी नवा एप्रन घालून खिडकीजवळच्या खुर्चीमागे उभी होती. मावशीच्या खुर्चीसाठी बाकावर तिघं दाटीवाटीनं बसले होते, आणि तिच्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं. तिनं टॉवेलची घडी मोडली, परत घातली, परत मोडली. शेवटी म्हणाली, "आई, मोठ्या रस्त्यावरच्या एसी सलूननं मला विचारलंय. मी जाते तिकडेच. तुझं भूत आणि तू राहा सुखानं."

मावशीच्या हातातला ब्रश तसाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तिला पुढचा प्रसंग सुचेना.

तेवढ्यात विमावाले आले. रात्र त्यांनी खालच्यांची फरशी पुसण्यात घालवली होती. अर्धं तोंड कोणाला दिसू नये म्हणून त्यांनी डोकं लढवलं होतं आणि मफलर गुंडाळला होता.

बाक रिकामा झाला. तिघंही मागच्या दारानं कधी गेले ते दारालासुद्धा कळलं नाही.

मावशीनं मफलर पाहिला, मफलरामागचा गाल पाहिला, आणि तिचे डोळे लकाकले. तिनं विमावाल्यांना कोपराला धरून खिडकीजवळ ओढलं.

"अहो मावशी, त्या खुर्चीत नको! माझी बायको..."

"बसा!"

ते बसले. मावशीनं खिडकी सताड उघडली आणि गल्लीला हाक घातली, "या रे बघायला! इतकी वर्षं दारोदार फिरला, त्याची दुसरी बाजू आज होतेय! माझी पोरगी करतेय!"

खिडकीत डोक्यांवर डोकी चढली. धाकटीनं फेस लावला, वस्तरा उचलला आणि तिचा हात कापायला लागला. विमावाल्यांची मान तर आधीपासूनच कापत होती. दोघं मिळून कापत राहिले असते तर गल्लीला भलतंच काही बघायला मिळालं असतं. धाकटीनं आईकडे पाहिलं. मावशी खिडकीतली डोकी मोजत होती. मग पोरीनं दम घेतला, वाकली, आणि हळूच म्हणाली, "काका, तुमच्या घरचा नळ कोणी चालू ठेवला होता, माहितीये का?"

विमावाले थिजले.

"तुम्ही तर बंद करून निघाला होतात, हो ना?"

विमावाल्यांना आठवलं, हो, खरंच बंद केला होता की! निदान आता तरी अगदी तसंच वाटायला लागलं. आपण कोणत्या खुर्चीत बसलोय हे ते विसरले, बायकोला आज काय सुनावायचं याचे मनात मांडे खाऊ लागले, आणि वस्तरा कानापासून हनुवटीपर्यंत सरसर उतरत गेला. भूत त्यांच्या नळावर पाण्याला का आलं, बादलीत काय बघून ओरडलं, इथवर गोष्ट आली तेव्हा दाढी संपली. रक्ताचा एक थेंब नाही.

"सुटला बिचारा," खिडकीतून हवालदार गहिवरून म्हणाले आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी आधी आपला नंबर लागला पाहिजे म्हणत आत घुसले. दूधवाल्यानं त्यांची बाही ओढली, "पण बादलीत काय होतं, ते मी आधी ऐकणार!" एसी सलूनचं नाव धाकटीनं पुन्हा काढलं नाही, काढायला सवडच नव्हती. मावशीची खुर्ची दिवसभर मोकळी राहिली, तर शेवटी ती स्वतःच तिच्यात बसली आणि लेकीची गोष्ट ऐकायला लागली, तोंडावर पदर धरून हसत.

गालावरून तुरटी फिरवून घेत विमावाले तिच्यापाशी आले. एवढा वेळ न आलेली शंका त्यांना आता आली होती.

"मावशी, म्हणजे तुम्ही मला चक्क भुताच्या बदली बसवलंत? आणि मला काही झालं असतं तर?"

"तर गोष्ट अजून रंगली असती," मावशी म्हणाली.