सतरा घरची अंबाडी

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात सुमित्राकाकूंचा खरेपणा हा जरा भीतीचाच विषय होता. नाशिकच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेली बाई. पुरणपोळी बिघडली असेल तर करणारीच्या तोंडावर सांगणार, आणि वर दुसरी मागून घेणार. यजमान राजारामराव गेल्यावर लेकीने, चारुताने, त्यांना ग्रीन कार्डावर आणलं, त्याला सहा वर्षं झाली. आल्या आल्या त्यांनी चैत्राचं हळदीकुंकू सुरू केलं. "तुम्ही करणार?" असं एकीने दबक्या आवाजात विचारलं, तेव्हा "कैरीची डाळ हवी असेल तर बस, नाहीतर दार उघडंच आहे," असं उत्तर मिळालं. ती बसली.

काकूंना आता एकच गोष्ट हवी होती, अमेरिकन पासपोर्ट. त्याची हौस म्हणून नव्हे. नाशिकला त्यांची मोठी बहीण वसुधाताई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. ग्रीन कार्डावर तिकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं की परत येताना विमानतळावर उलटतपासणी. नागरिक झाल्या की ताईजवळ हवं तितकं राहता येणार होतं. नागरिकत्वाची मुलाखत ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरली होती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत त्या नाशिकला जाऊन आल्या, तेव्हा ताईने एक पुरचुंडी दिली होती. एका हाताने आणि दाताने गाठ मारलेली. आत अंगणातल्या लाल अंबाडीचं बी. "मी काही आता लावत नाही, सुमे. तू लाव," एवढं वाक्य बोलायला ताईला बराच वेळ लागला. पुढे शाळेच्या मैत्रिणींबरोबर काकू आठ दिवस कुमाऊँला गेल्या, तिथे मुक्कामाच्या घरच्या म्हातारीनेही मूठभर पहाडी बी बांधून दिलं. भाजून चटणी करा, म्हणाली. कस्टमच्या फॉर्मवर काकूंनी दोन्ही नोंदवलं, कुणी उघडूनही पाहिलं नाही. घरी आल्यावर दोन्ही बिया दोन सारख्या स्टीलच्या डब्यांत गेल्या आणि जेट लॅग उतरल्यावर, दोन दिवसांनी, काकूंनी आपल्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या.

एप्रिलमध्ये 'चटणी' डबीतलं बी भाजून कुटलं. ती इतकी कडवट झाली की काकूंनी सरळ कचऱ्यात टाकली. 'अंबाडी' डबीतलं बी कागदी कपांत पेरलं, ते मात्र तरारून आलं. हळदीकुंकवाला सतरा जणींना त्यांनी प्लास्टिकच्या डब्यांऐवजी एकेक रोप वाण दिलं, हळदकुंकू लावून, वर ताकीद देऊन: "पाला खुडायचा नाही. फुलं येऊन बोंडं धरली की सरबत करायचं."

उन्हाळाभर त्या अंबाडीने कहर केला. पंजासारखी पानं, दहा दहा फूट उंची. काकू रोज बादलीभर पाणी घालायच्या आणि दर रविवारी ताईला फोटो पाठवायच्या. ताईची सांभाळणारी बाई सांगायची, फोटो आला की ताई तो येईल त्याला दाखवतात. शेजारचा म्हातारा गोरा कुंपणावरून अंगठा दाखवून हसायचा. काकूंना वाटायचं, भला माणूस आहे, शेतीची आवड दिसते. एका काकूंनी ताकीद मोडून भाजी केली आणि ग्रुपवर लिहिलं, "अजिबात आंबट नाही गं. पण ह्यांना झोप काय छान लागली!" सुमित्राकाकूंनी उत्तर दिलं, इथली माती वेगळी.

फुलं मात्र येईनात. ऑगस्ट गेला, गणपती गेले. सप्टेंबर सरत आला तेव्हा कुठे शेंड्यांना बारीक हिरवे झुबके दिसू लागले आणि परसात उग्र वास सुटला. डेकखाली घाण वास सोडणारा स्कंक राहायला आलाय म्हणून काकूंनी तीन दिवस चारुताचं डोकं खाल्लं.

त्या रविवारी सौमित्र जेवायला आला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून आलेला, इथे वनस्पतीशास्त्रात पीएचडी करणारा गुणी मुलगा. काकूंनी कौतुकाने त्याला परसात नेलं. तो दारातच थबकला. मग एका झाडाजवळ जाऊन शेंडा उलटसुलट पाहिला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काकू, हे... यार, हे कुठून आणलंत?"

"ताईच्या अंगणातलं. लाल अंबाडी. फुलं उशिरा येताहेत एवढंच."

"अंबाडी नाहीये ही. हा गांजा आहे. हिमालयातला, गावठी वाणाचा. म्हणूनच लेट आहे. याला दिवस लहान झाल्याशिवाय फूल येत नाही, आणि पिकायला नोव्हेंबर उजाडतो. इथे त्याआधी फ्रॉस्टच मारेल. हे बघा, हे नर झाड, ही मादी. अंबाडीत असं वेगवेगळं नसतं."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते काकूंना त्या क्षणी, पाण्याची बादली हातात असताना, कळलं. इलिनॉय राज्यात गांजा दुकानात विकत घेता येतो, पण घरी लावायला बंदी, आणि सबंध देशाच्या कायद्यात तर तो अजूनही गुन्हाच. कुमाऊँची म्हातारी, दोन सारख्या डब्या, अदलाबदल झालेल्या चिठ्ठ्या, सगळं एकदम समोर उभं राहिलं. मग त्या बादली ठेवून पायरीवर बसल्या.

"सतरा," त्या म्हणाल्या. "सतरा घरांत दिलंय मी हे. कुंकू लावून."

चारुताने वकिलाला फोन लावला. त्याने आधी 'खरंच गांजा?' असं तीन वेळा विचारलं, मग सांगितलं: नकळत झालं तो गुन्हा धरत नाहीत, पण आता कळलंय, तर आजच्या आज सगळं उपटा. मुलाखतीत विचारलं तर सरळ 'नो' म्हणा.

दुपारभर चारुता ड्राइव्ह करत होती आणि मागे सौमित्र कुदळ घेऊन बसला होता. हळदीकुंकवाची यादी काकूंच्या वहीत होतीच. प्रत्येक दारात तेच: आधी हसणं, मग "काय?", मग तोंडाला पदर नाहीतर ओढणी. एकीने रोप तुळशीवृंदावनाशेजारी लावलं होतं आणि रोज निरांजन ओवाळत होती. भाजी केलेल्या काकूंच्या यजमानांनी मात्र झाड उपटताना फार हळहळ केली. अंधार पडायच्या आत सतराही घरं झाली. शेवटी स्वतःच्या परसातल्या झाडांना काकूंनी कुणाला हात लावू दिला नाही. त्यांनी ती एकटीने उपटली आणि हात दहा वेळा धुतले.

मुलाखतीला काकू नारायणपेठ नेसून गेल्या. अधिकारी एक तरुण बाई होती. नागरिकशास्त्राचे शंभरही प्रश्न काकूंना तोंडपाठ होते, विचारले ते सुरळीत झाले. मग ती बाई फॉर्ममधले प्रश्न एका सुरात वाचू लागली आणि काकू 'नो, नो' म्हणत गेल्या. तेवढ्यात तो प्रश्न आला: कधीही अमली पदार्थ पिकवले, बनवले किंवा वाटले आहेत का?

पिकवले, वाटले. काकूंनी शपथेसाठी वर केलेला आपला उजवा हात आठवला. प्रश्नात 'कधीही' होतं, 'नकळत' कुठेच नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी पोरांना बजावलं होतं, उदाहरणात जे दिलंय तेच धरा, पदरचं घालू नका.

"येस," काकू म्हणाल्या. "सतरा बायकांना."

बाईचं पेन थांबलं. काकूंनी सगळं सांगितलं, चैत्र, वाण, डब्या, कुदळ. ती बाई डोळे विस्फारून ऐकत राहिली, एकदा तर हसू दाबायला तिने खोकल्याचं निमित्त केलं. पण फाइल बंद करताना ती हसत नव्हती. आज निर्णय देता येणार नाही, वरिष्ठांकडे जाईल, पत्र येईल, कदाचित वर्ष लागेल. सॉरी म्हणाली, मनापासून.

पार्किंगमध्ये चारुता रडकुंडीला आली. "आई, वकिलाने 'नो' म्हणायला सांगितलं होतं! वर्षभरात मावशी..."

"खोटं कसं बोलू?" काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मात्र नेहमीचा ताठा नव्हता.

घरी पोचायच्या आत नाशिकहून व्हिडिओ कॉल आला. ताईचा चेहरा स्क्रीनवर वाकडा दिसत होता, डोळे मात्र लखलखीत. दोन रविवार फोटो आला नव्हता. तिने ओठ जुळवले, पुन्हा जुळवले.

"सुमे... फुलं... आली?"

ताईची अंबाडी एप्रिलमध्येच भाजून, कुटून कचऱ्यात गेली होती. एक दाणाही उरला नव्हता.

"आली ना गं," काकू म्हणाल्या. "पिवळीधमक. मध्ये तो लाल डोळा असतो ना, तोसुद्धा."

गाडी चालवणाऱ्या चारुताने आईकडे पाहिलं. तिने आईला खोटं बोलताना आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं.