चौथं बटण

स्टोअरकीपरला ऑपरेटरबद्दल खरं म्हणजे फार थोडं ठाऊक होतं. इस्पितळाच्या मागच्या इमारतीतल्या एका खोलीत दोघं कित्येक वर्षं बसले, एकाच किटलीतला चहा प्यायले, एकाच पंख्यावरून भांडले. पण तो माणूस कसा होता असं कुणी विचारलं असतं, तर स्टोअरकीपरचं सांगणं दोन वाक्यांत संपलं असतं. त्याला दिसत नव्हतं. जिभेचा तिखट होता. तिसरं वाक्य त्याला एका मीटिंगमध्ये कळलं, आणि तेव्हा त्याचा काही उपयोग राहिला नव्हता.

ऑपरेटर हे नाव जुन्या कामावरून पडलेलं. पूर्वी तो इस्पितळाचा टेलिफोन बोर्ड सांभाळायचा. बोर्ड गेला, नाव राहिलं. मग त्याला स्टोअरच्या खोलीत टेबल मिळालं आणि वेगळं काम मिळालं. घरी गेलेल्या रुग्णांना फोन करायचा. वॉर्ड स्वच्छ होता का, नर्स वेळेवर यायच्या का, डॉक्टरांनी नीट समजावलं का, ते विचारायचं. उत्तरं संगणकावर टाइप करायची आणि महिनाअखेर अहवाल करून वर सुपरिंटेंडेंटकडे पाठवायचा. त्याच्या संगणकात पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. ऑपरेटर मात्र त्याला 'मास्तर' म्हणायचा, कारण आवाज पुरुषाचा होता आणि कुणी छडी घेऊन मागे लागल्यासारखा तो भरभर वाचायचा. स्टोअरकीपरला त्यातलं अवाक्षर कळत नसे.

"आजी, मी वॉर्डच्या स्वच्छतेबद्दल विचारतोय, सुनेच्या नाही," ऑपरेटर फोनवर म्हणायचा. मग फोन ठेवून इकडे तोंड करायचा. "दादा, सून अजागळ आहे म्हणतात. कुठल्या रकान्यात घालू?"

पंख्याचं भांडण रोजचं होतं. स्टोअरकीपरच्या टेबलावर बिलं, मागणीपत्रं, चलनं यांचा ढीग, तर ऑपरेटरच्या टेबलावर कागदाचा कपटाही नाही. याला पंखा बंद हवा, त्याला जोरात.

"तुमचे कागद उडतात त्यात माझा काय दोष?" ऑपरेटर म्हणायचा. "कागद सोडा दादा, सुखी व्हाल."

त्याच्या शर्टाला नेहमी कडक इस्त्री असे. डबा कापडी पिशवीत, पिशवीला बारीक, देखणी गाठ. घरी लक्ष देणारी, चांगल्या नजरेची बायको आहे, असं स्टोअरकीपरनं कधीतरी मनाशी ठरवून टाकलं होतं. "वहिनींचा हात आहे हो," असं तो गाठीकडे पाहून म्हणायचा. "आहे ना," ऑपरेटर म्हणायचा, आणि विषय तिथंच संपायचा.

मग नवे सुपरिंटेंडेंट आले. फोन करायची पद्धत त्यांना जुनाट वाटली. आता रुग्णाच्या मोबाइलवर लिंक जाईल, तो स्वतः फॉर्म भरेल, असं त्यांनी ठरवलं. ही बातमी ऑपरेटरला कशी सांगावी म्हणून स्टोअरकीपर दोन दिवस घुटमळत राहिला. सांगितल्यावर ऑपरेटर चिडला नाही.

"बरं झालं. सुनांपासून सुटका. फॉर्म आले की उत्तरं वाचून अहवाल करायला माणूस लागेलच, तो मी. फक्त सॉफ्टवेअर मास्तरला वाचता आलं पाहिजे. नाही आलं, तर हे टेबल गेलं म्हणून समजा."

खरेदी समितीवर स्टोअरकीपर होता, म्हणून दोन कंपन्यांची माहितीपत्रकं त्याच्याकडे आली. दोन्हींत एकच वाक्य होतं: दृष्टिहीन व्यक्तींसाठी पूर्णपणे सुलभ. त्यानं ते वाचून दाखवलं.

"कुणासाठी सुलभ? फॉर्म भरणाऱ्यासाठी की तो बनवणाऱ्यासाठी?"

"ते काही लिहिलेलं नाही."

"तेच ना. दुकानात शिरायला उतार बांधतात, आणि गल्ल्यामागं जायला उंच पायऱ्या. आम्ही गिऱ्हाईक व्हायचं, दुकानदार व्हायचं नाही."

पहिल्या कंपनीनं वापरून बघायला दिलं. ऑपरेटरनं त्यात फॉर्म भरला, स्वतः एक बनवला, उत्तरांचा तक्ता काढला. मास्तर कुठं अडखळला नाही.

"दिसायला कसं आहे?" त्यानं विचारलं.

"पोस्टात भिंतीवर सूचना लावतात ना, तसं."

"मग मोठ्या साहेबांना पटणार नाही," ऑपरेटर म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलून हसला.

दुसरी कंपनी वापरायला देईना. समोर येऊन प्रात्यक्षिक दाखवू म्हणाली. त्या दिवशी वर जाताना ऑपरेटर फुशारकीत होता. "या म्हणावं. पाच मिनिटांत पितळ उघडं पाडतो."

मीटिंग हॉलमध्ये सुपरिंटेंडेंट, मेट्रन, समितीची माणसं आणि कंपनीचा विक्रेता असे सगळे जमले होते. ऑपरेटरला लॅपटॉपसमोर बसवलं. तेच मागं भिंतीवर मोठं दिसत होतं. नाव, वॉर्ड, तारीख, सगळं सुरळीत गेलं. मग प्रश्न आला: नर्सिंग सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, गुबगुबीत आणि पिवळेधमक. साहेबांना ते आवडल्याचं त्यांच्या मानेवरून कळत होतं.

मास्तर म्हणाला, "बटण. बटण. बटण. बटण. बटण."

ऑपरेटर मागं गेला, पुन्हा पुढं आला. पुन्हा बटण, बटण. कुठलं रडकं, कुठलं हसरं, मास्तर सांगेना. कुणी खोकलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ऑपरेटरच्या कानशिलावर घाम आलेला स्टोअरकीपरला दिसत होता.

मेट्रन त्याच्या मागंच उभी होती. मनानं मऊ बाई. ऑपरेटर इस्पितळात लागला तेव्हापासून रस्ता ओलांडताना त्याचं कोपर धरणारी. तिला ते बघवेना. ती वाकली आणि पुटपुटली, "चौथं. चौथं दाब रे."

ऑपरेटरचं बोट चौथ्यावर गेलं. पान उलटलं. "आपल्या मताबद्दल धन्यवाद," मास्तर म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

टाळ्या ओसरायच्या आत ऑपरेटर उभा राहिला. "साहेब, हे धरू नका. मला मेट्रनबाईंनी सांगितलं."

"बघा, किती प्रांजळ माणूस," विक्रेता म्हणाला. सगळे हसले.

स्टोअरकीपर मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय बोलत नसे. विचारल्यावरही फारसं नाही. पण त्या दिवशी त्याच्या तोंडून निघालं, "खरंच सांगितलं साहेब. मी ऐकलं."

"अहो, सांगितलं तर सांगितलं," सुपरिंटेंडेंट म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "घरीसुद्धा कुणीतरी असतंच की सांगायला."

"माझ्या घरी आम्ही दोघंच असतो," ऑपरेटर म्हणाला. "मी आणि बायको. तिलाही दिसत नाही."

स्टोअरकीपरच्या डोळ्यांपुढं ती गाठ आली, आणि शर्टाची कॉलर. म्हणजे इतकी वर्षं साहेबांचंच वाक्य त्याच्या मनात होतं, फक्त त्यानं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"असे अपवाद असायचेच," साहेब म्हणाले. "रिपोर्ट दाखवा हो, तो फार सुंदर येतो म्हणे."

भिंतीवर एक रंगीत वर्तुळ उमटलं, खाली रंगीत खांब. "चित्र," मास्तर म्हणाला. "चित्र."

"साहेब, याला फक्त चित्र कळतंय, आत काय आहे ते—" ऑपरेटर बोलत होता, पण तेवढ्यात चहा आला.

दुसरी कंपनी पक्की झाली. ठरावात लिहिलं गेलं की दृष्टिहीन कर्मचाऱ्यानं प्रत्यक्ष तपासून खात्री करून घेतली. माझं म्हणणंही लिहा, असं स्टोअरकीपर कारकुनाला दोनदा सांगायला गेला. "घालतो नंतर," कारकून म्हणाला. त्यानं घातलं नाही.

खोलीत आल्यावर स्टोअरकीपरनं विचारलं, "मग दाबलंस कशाला?"

"लाज वाटली. एवढ्या माणसांत मागं-पुढं, मागं-पुढं करत बसलो होतो. जन्मभर हेच ऐकत आलोय ना दादा, डावीकडं वळ, पायरी आहे, पाय उचल. ती चौथं म्हणाली आणि बोट गेलं. बोट मला विचारत बसलं नाही."

मेट्रन दुसऱ्या दिवशी खोलीत आली. "रागावलास होय? तुझी अब्रू राखली मी."

"राखलीत," तो म्हणाला. "टेबल तेवढं घेतलंत."

ती बावरून गेली. आपलं काय चुकलं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ऑपरेटर तिच्याशी पुन्हा बोलला नाही. ती दिसली की स्टोअरकीपरलाच अपराध्यासारखं व्हायचं.

अहवाल आता वरच्या ऑफिसात होऊ लागला. ऑपरेटरला पुढच्या इमारतीत चौकशीच्या खिडकीवर बसवलं. लोक यायचे, "एक्स-रे कुठं?" म्हणायचे, त्याच्या डोळ्यांकडे बघायचे, आणि तो उत्तर देत असतानाच शेजारच्या सुरक्षारक्षकाला विचारायचे. तरी ऑपरेटर उत्तर पुरं करायचा. दुपारी डबा खायला तो जुन्या खोलीत येई, तेव्हा हे नकला करून सांगे. स्टोअरकीपर हसायचा आणि मग हसलो म्हणून त्याला वाईट वाटायचं.

एकदा कंपनीचं नवं माहितीपत्रक आलं. त्यावर प्रात्यक्षिकाच्या दिवशीचा फोटो होता.

"मी हसतोय का त्यात?" ऑपरेटरनं विचारलं.

"हो."

"आणि मेट्रन?"

"तीही."

"चौथा चेहरा असणार आमचा," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं.

त्याच वर्षी त्याच्या बायकोचं याच इस्पितळात पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. रात्रपाळीची नर्स गोळ्या उशाशी ठेवून न बोलताच निघून जायची. बायकोला गोळ्या थेट सकाळी हाताला लागायच्या, एकदा तर पाण्याच्या पेल्यासकट खाली गेल्या. घरी गेल्यावर मोबाइलवर लिंक आली. सांगण्यासारखं तिच्याकडे खूप होतं. पण तिच्या मोबाइलमधला मास्तर तेच म्हणाला: बटण, बटण, बटण. चेहरा निवडल्याशिवाय पान पुढं सरकेना, आणि अंदाजानं काहीतरी दाबायला ती तयार नव्हती. "रडायचं तिथं हसले तर?" ती म्हणाली. लिंक पुन्हा आली, पुन्हा आली. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

ऑपरेटर स्वतः वर गेला. काय झालं ते त्यानं डबा खाताना सांगितलं.

"साहेब म्हणाले, तक्रार फॉर्ममधूनच येऊ द्या, म्हणजे मोजली जाईल. आणि म्हणाले, या महिन्यात समाधान खूप वर गेलंय. मी विचारलं, माझी बायको त्यात कुठं आहे? तर म्हणाले, जे फॉर्म भरत नाहीत, ते धरत नाहीत."

"मग?"

"मग काय. मीही म्हटलं, मला धरू नका."

नोकरीची वर्षं शिल्लक असताना त्यानं निवृत्तीचा अर्ज दिला. साहेबांनी तो लगेच मंजूर केला. निरोपाला येत नाही, असं त्यानं कळवलं, आणि कुणी आग्रहही केला नाही.

शेवटच्या दिवशी तो खोलीत आला, खणातले हेडफोन काढले, डब्याच्या पिशवीत घातले आणि गाठ मारली. स्टोअरकीपर त्याची बोटं बघत उभा राहिला. वहिनींची तब्येत कशी आहे, घर कुठं आहे, मी आलो तर चालेल का, असं बरंच विचारायचं त्याच्या मनात होतं. पुढंही अनेकदा फोन करावासा वाटला, पण काय बोलायचं ते सुचेना, आणि राहून गेलं. दोघांची गाठ पुन्हा पडली नाही. त्या दिवशी बोलणं झालं ते एवढंच.

"पंखा बंद करू का?" स्टोअरकीपरनं विचारलं.

"आता मला कशाला विचारता? तुमचीच खोली."

"तू बसणार असशील तर राहू दे."

"नाही, निघालोच. करा बंद. कागद उडतायत तुमचे."