तुळशीरामच्या व्हॅनचं काय करावं

गुरुवार, १२ डिसेंबर २०२४. थंडी चांगलीच. नळ साडेसहाला आला, सातला गेला. तुळशीरामची भाजीची व्हॅन माझ्या गेटसमोर बंद पडली ती पुन्हा सुरू होईना. दुरुस्ती करावी की दुसरी गाडी घ्यावी, यावर दीड वाजेपर्यंत बोलणं. ठरलं असं की,

इथे मी थांबले. काय ठरलं ते मला एका ओळीत लिहिता येईना, म्हणून सविस्तर लिहिते.

तुळशीराम सत्तरीचा. रोहिणखेडला जुन्या मशिदीपलीकडे त्याचं तीन एकर शेत आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. तरुणपणी तो नांदुऱ्याला धान्याच्या ट्रकवर क्लीनर होता आणि गाडी चालवायला तिथेच शिकला. २००४ साली त्याने ही व्हॅन घेतली. त्याच्या गल्लीतली ती पहिली चारचाकी. मागची सीट काढून तिथे भाजी. पण कुणाची सून बाळंतपणाला अडली की भाजी खाली आणि सून आत. गावात त्याला 'तुळशीराम गाडीवाला' म्हणतात, आणि बुलढाण्याच्या आमच्या कॉलनीतही.

ही गाडी दुसऱ्या कोणाच्या हाताला लागायचीच नाही. त्याचा मुलगा कुलदीप एकदा लग्नाला जायला म्हणून स्टीअरिंगवर बसला. गाडी नुसती घरघरली. वऱ्हाड धक्का मारून दमलं. तुळशीराम आला, बसला, किल्ली फिरवली आणि गाडी सुरू. ही गोष्ट त्याने मला निदान चार वेळा सांगितली असेल.

आता सून रुपाली त्याच्याबरोबर तराजू धरायला येते. दिवाळीत तिने लायसन्स काढलं. नवी गाडी आली तर ती चालवणार, हे त्यांच्या घरात ठरल्यासारखंच आहे. म्हणजे बोलणं गाडीचं चाललं होतं, पण जाणार होती ती तुळशीरामची बसायची जागा. हे मला आत्ता लिहिताना दिसतंय. सकाळी मी फक्त गोंधळले होते.

मेकॅनिक पंजाबराव स्कूटरवरून आला. आत डोकावून म्हणाला, "भाऊ, क्लच गेला. ब्रेकबी नावालेच आहे. आठ दिवस दे, अशी करून देतो की कोनीबी चालवंल."

"तशी नको करू," तुळशीराम म्हणाला.

"मंग दुसरी घेऊ, मामाजी," रुपाली म्हणाली.

"दुसरी कायले?"

"मंग हीच दुरुस्त करा."

"हिले झालं काय? फक्त चालू करून दे बे, पंजाबराव. बाकी कशाले हात नको लावू."

"म्हंजे क्लचशिवाय चालवतं? राजूर घाटात गाडी ढकलाले मले ठेव मंग पगारावर."

मी पायरीवर खुर्ची टाकून ऐकत होते. दुरुस्ती नको, नवीही नको. मग या माणसाला हवं तरी काय?

तुळशीरामने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमच्या वहीत सगळं असते. मी ब्रेक याच वर्षी केले का नाही? सांगा या दोघायले."

मी आनंदाने वही आणली आणि वाचत सुटले. "तीन मार्च. ब्रेक केल्यामुळे तुळशीरामला उशीर. एकोणीस जुलै. व्हॅन गेटच्या खांबाला घासली. मांजर आडवी आली म्हणाला. चार ऑक्टोबर. पुन्हा खांब. पुन्हा मांजर."

रुपालीने विचारलं, "मांजर?"

पंजाबरावने खांबाकडे पाहिलं. "लय उंच मांजर दिसते, काकू."

तुळशीराम हसला नाही. त्याने चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिला. मी वही मिटली. खरं तेच वाचलं होतं. तरी कुणाची चहाडी केल्यासारखं वाटलं. ते झाकायला मी घाईने म्हणाले, "मला वाटतं, नवीच घ्या." तर त्याने चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

तेवढ्यात पंजाबरावने पुढची सीट उचलली. या गाडीचं इंजिन सीटखालीच असतं. "भाऊ, हे काय लावून ठेवलं?" एक काळी वायर इंजिनापासून सीटच्या कडेला आली होती आणि तिच्या टोकाला घरातल्या दिव्याचं असतं तसं छोटं बटण होतं. वायर सुटली होती. पंजाबरावने ती जोडली, बटण दाबलं, किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

मग रुपाली म्हणाली, "म्हंजे त्या लग्नात यायच्या हातानं गाडी..."

"हाव," तुळशीराम म्हणाला. "कोनीबी नेत होतं गाडी. काऊन नेऊ द्याची?"

"आठ वर्षं ते सोताले दोष देऊन राह्यले, का माह्या हातालेच गुण नाही!" रुपाली म्हणाली.

"मंग नाहीच ना," तुळशीराम पुटपुटला.

रुपाली आधी चिडली आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. मला मात्र हसावं की त्याला रागवावं, समजेना.

पंजाबराव म्हणाला, "क्लच तर कराच लागते. हे बटण काढू ना?"

तुळशीराम माझ्या खांबाकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, "रुपाली, इकडं ये. डाव्या हातानं चाचपून पाह्य. खाली दाबलं का चालू, वर केलं का बंद."

तिने चाचपून पाहिलं. दोनदा केलं. मग पंजाबरावला म्हणाली, "क्लच, ब्रेक, सगळं करा. बटण राहू द्या. आन् यायले सांगू नका."

"कोनाले, कुलदीपले?"

"हाव. नाहीतर ते उद्या मित्राईले घेऊन शेगावले जातीन."

आता तुळशीराम हसला. स्कूटर माझ्या गेटशी ठेवून पंजाबराव गाडी पहिल्या गिअरमध्येच हळूहळू चालवत घेऊन गेला. जाताना तुळशीराम तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि परत आला. दोघं दोनच्या बसने गावी गेली. आठ दिवसांनी गाडी कोण चालवेल, हे मी विचारलं नाही. 'रुपाली' लिहिलं, खोडलं. 'तुळशीराम' लिहिलं, तेही खोडलं. पान खराब झालं.

संध्याकाळी: उरलेली सात किलो वांगी माझ्या व्हरांड्यात ओल्या पोत्याखाली झाकून ठेवली आहेत. मेथीच्या दोन जुड्या निवडल्या.